डाव्या पॅडवरची थाप

हात आपोआप उठला. दिवसभरात इंजिन गोठून बसू नये म्हणून मी गाडीच्या नाकातून लोंबणारी वायर खांबावरच्या प्लगात खोचत होते. दुसऱ्या हातात काचेवरचा बर्फ झाडायचा ब्रश होता, थंडी उणे अठ्ठावीस, नाकातले केस ताठ झालेले, आणि लिएंडर फ्रीझन त्याच्या गंजलेल्या पिकअपचं दार आपटून माझ्या बाजूने चालत येत होता. तो शेजारून जात असताना माझ्या ब्रशने त्याच्या डाव्या पायावर, गुडघ्याच्या जरा खाली, दोन थापा मारल्या. एरवी तिथे गोलकीपरचं जाडजूड पॅड असतं आणि आवाज भरीव येतो. आत्ता नुसती पँट होती. तो थांबला. त्याने आधी पायाकडे पाहिलं, मग ब्रशकडे, मग माझ्याकडे. "आत्ता?" त्याने विचारलं. मी काही बोलले नाही. संध्याकाळी मॅच होती, आणि मॅचच्या दिवशी गोलीशी, म्हणजे गोलकीपरशी, कुणी बोलत नाही. श्वासाचं दव त्याच्या दाढीवर पांढरं होत होतं. मग त्याने मान हलवली, कुणी निरोप पोचता केल्यावर हलवावी तशी, आणि खेळाडूंच्या दाराने आत गेला. मी ब्रश धरून तिथेच उभी राहिले.

हे बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर तो हसेल. हसू दे. नऊ हिवाळ्यांपूर्वी लिएंडर आमच्या आइस हॉकीच्या संघात आला, इथून अर्ध्या तासावरच्या वॉर्मनचा, साधेपणाने राहणाऱ्या मेनोनाइट ख्रिस्ती पंथातला पोरगा, उंच, लाजाळू, खिशात सूर्यफुलाच्या बिया. त्याच्या पहिल्या घरच्या मॅचला मी बोगद्याच्या तोंडाशी उभी होते, हातात कसल्याशा कागदांची सुरळी. संघ बर्फावर जायला निघाला, सगळ्यात पुढे गोली, आणि मी सुरळीने त्याच्या डाव्या पॅडवर दोनदा मारलं. त्या रात्री त्याने एकही गोल होऊ दिला नाही. पुढच्या मॅचला तो माझ्यासमोर येऊन थांबला आणि त्याने डावा पाय पुढे केला. झालं. तेव्हापासून घरच्या प्रत्येक मॅचला मी तिथे. तापात उभी राहिले आहे, माझ्या नवऱ्याने, ब्रायनने, घरातून सामान हलवलं त्या संध्याकाळीही उभी राहिले आहे. मी संघाची उपव्यवस्थापक, कायदा शिकलेली, लीगभर माझं नाव आकडेमोडीसाठी घेतात, आणि मी प्रत्येक मॅचला जाऊन सुरळीने थाप मारते. पण ती संध्याकाळी मारायची, बोगद्यात, पॅडवर. सकाळी नाही. गाड्यांच्या तळावर तर नाहीच. संध्याकाळची थाप सकाळी उरकली याचा आमच्या लोकांत एकच अर्थ होतो, संध्याकाळी मारायला पाय समोर नसेल. आणि तसं काही ठरलेलं नव्हतं. निदान मला तरी वाटत होतं की ठरलेलं नाही.

अदलाबदलीचा शेवटचा दिवस होता. दुपारी दोनला लीगचं दार बंद होतं, मग या मोसमात कुणाला कुठे पाठवता येत नाही. लिएंडरचा करार उन्हाळ्यात संपणार होता. त्याने नवीन करारावर सही केली तर तो आमचा. नाही केली, तर आज त्याला कुणाला तरी देऊन बदल्यात काहीतरी पदरात पाडून घ्यायचं, नाहीतर जुलैत तो फुकट निघून जाणार. दक्षिणेतला एक संघ टपून बसला होता. तिकडे बर्फ लोक पेयात घालतात, पण पैसा आहे. दोन तरुण बचावपटू द्यायला तयार होते. अडचण एवढीच की लिएंडरच्या जुन्या करारात एक कलम होतं, त्याच्या होकाराशिवाय त्याला कुठेही धाडता येणार नाही. ते कलम मीच घातलं होतं. दोन आठवडे तो ना हो म्हणत होता ना नाही. सराव करत होता, बिया फोडत होता, टरफलं कागदी पेल्यात टाकत होता.

आणि आकडा अडला होता माझ्यामुळे. प्रत्येक संघाने सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून किती खर्च करायचा त्याची लीगने मर्यादा ठरवलेली आहे. आम्ही तिला झाकण म्हणतो. यंदाचं झाकण साडेनऊ कोटी डॉलरचं. मालक कितीही श्रीमंत असला तरी झाकणाच्या वर एक सेंट जात नाही, म्हणजे एकाच्या ताटात वाढलं की दुसऱ्याच्या ताटातून काढायचं. बारा वर्षांपूर्वी, मी इथे नवी असताना, एका सभेत उभी राहून मी म्हणाले होते की गोलकीपर कितीही मोठा असो, त्याला झाकणाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त देऊ नये. कारणं दिली होती. आघाडीचा खेळाडू यंदा चाळीस गोल करतो तर पुढच्या वर्षी पस्तीस करेल, त्याचा अंदाज बांधता येतो. गोलीचा येत नाही. यंदा भिंत, पुढच्या वर्षी चाळण, आणि का ते त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. शिवाय सगळ्यात भारी गोली आणि मध्यम गोली यांच्यातला फरक शंभर फटक्यांत एका फटक्याचा. मॅचला तीस फटके धरले तर तीन रात्रींतून एकदा. त्या एका फटक्यासाठी दोन बचावपटूंचे पैसे मोजायचे का? लोकांना ते पटलं. वर्तमानपत्रात आलं, दुसऱ्या संघांनी उचललं, आणि त्याला नावही पडलं, दशांश. डॅरिया हनाट्युकचा दशांश. माझा पगार त्या शब्दावर वाढत गेला. लिएंडरला त्याची गंमत वाटायची. चर्चमध्ये तोही आपल्या कमाईचा दशांश देतो. मागच्या कराराच्या वेळी म्हणाला होता, "तुम्ही मला देवाएवढंच देताय. आता तक्रार घेऊन कुणाकडे जाऊ?" या वेळी त्याचा एजंट एक कोटी वीस लाख मागत होता. दशांश पंचाण्णव लाखांवर संपतो.

वर गेले तर वेंडल टेबलावर पाय टाकून बसला होता. वेंडल आमचा मुख्य व्यवस्थापक, कधीकाळचा बचावपटू, समोरचे चार दात खोटे, फोनवर बोलायचं नसलं की काढून खिशात ठेवतो. "ये गं, बस," तो म्हणाला. "तोंड का असं? कुणी गेलं का?"

"कॉफी आहे?"

"कॉफी आहे, डोनट आहेत. फक्त गोली नाही." त्याने दात बसवले. "एजंट म्हणतो एक कोटी वीस लाख, सात वर्षं. दक्षिणवाले म्हणतात दोघांवर आणखी एक देतो. लिएंडर काहीच म्हणत नाही. आता तू म्हण."

"माझं म्हणणं छापून आलंय."

"छापलेलं मी वाचत नाही. तोंडाने सांग."

मी म्हणाले, एक वाजेपर्यंत सांगते. तो म्हणाला, "एकला सांगशील तर मला एक तास राहील, डॅरिया. मी काय आइस्क्रीम विकत घेतोय?" पण त्याने पाय खाली घेतले नाहीत, म्हणजे तो रागावला नव्हता. त्याला वाटत होतं माझं उत्तर ठरलेलं आहे. मलाही रात्री झोपताना तसंच वाटलं होतं. रात्री मी स्वयंपाकघरात बसून पुढच्या वर्षीचा संघ मांडला होता, लिएंडरशिवाय, आणि तो नीट बसला होता. कोलला पगारवाढ देता येत होती. कोल आमचा बचावपटू, चोवीस वर्षांचा, नुकतीच जुळी झालेली. सगळं बसलं म्हणून मी दिवा मालवला होता. मग सकाळी हाताने जे केलं ते त्या मांडणीतूनच केलं असेल. हात माझाच आहे, माझ्या मनाविरुद्ध कशाला जाईल. मी ठरवलं नव्हतं असं म्हणते, पण मला विचारायच्या आधी हाताला माहीत होतं.

खाली एकच मजला उतरायचं होतं. सराव संपल्यावर तो आपल्या जागेवर बसतो, पॅड वाळत टाकतो, एकेक पट्टा बोटांनी तपासतो. मी जाऊन म्हणू शकले असते, लिएंडर, ते काही नव्हतं, हाताची सवय. पण मॅचचा दिवस. मॅचच्या दिवशी पंच गोलीशी बोलत नाहीत, डॉक्टर बोलत नाही, त्याची बायको पेट्रा सकाळचा नाश्ता समोर ठेवते आणि दुसऱ्या खोलीत जाते. तीन मोसमांपूर्वी एका नव्या शिपायाने दुपारी त्याला हवामान विचारलं होतं, रात्री आम्ही सहा गोल खाल्ले, आणि शिपायाला लोकांनी महिनाभर टोमणे मारले. त्या सहा गोलांना हवामान कारण नव्हतं, हे मला कळतं. तरी त्या महिन्यात मी पण त्या पोराकडे बघितलं नाही. मी जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेले, खालून बर्फावर पक, ती कडक रबरी चकती, आपटल्याचे आवाज येत होते, फळीवर लाकूड आपटल्यासारखे, आणि मी परत आले. एखाद्या माणसाचं काय व्हायचं ते ठरतंय आणि त्याला एक शब्द बोलायचा तर आपण नियम पाळतोय. मला माझाच राग आला, तरी मी खाली गेले नाही.

अकराला तातोंचा फोन आला. बाबांना मी अजून तातो म्हणते, आम्ही युक्रेनियन, आमच्यात तसंच म्हणतात. ते नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात असतात, सूप झालं की नर्स त्यांना नंबर लावून देते. मॅचच्या दिवशी त्यांचा एकच प्रश्न असतो. "दोन्यू, पोरी, गोलात कोण?"

"लिएंडर, तातो."

"मग ठीक. मग मी जागा राहतो. तो दुसरा असला तर झोपतो."

"तो दुसरा पण चांगला आहे."

"चांगला आहे, कोण नाही म्हणतंय. पण त्याला फटका आल्यावर कळतं. याला आधी कळतं." मागे कुणीतरी भांडी आवरत होतं. "तुम्ही त्याला पैसे देताय ना नीट? इथे सगळे बोलतायत. ती सिस्टर ल्युबा म्हणते तुझी पोरगी देत नाही."

"देतोय, तातो."

"गोलीला पैसे द्यायचं म्हणजे अवघडच काम आहे म्हणा," ते म्हणाले आणि हसले, आणि हसण्याचा खोकला झाला, आणि नर्सने फोन ठेवला.

ते हसले ते का हसले ते मला माहीत होतं. झोरिया नावाच्या आमच्या गावात धान्याचं कोठार, घुमटाचं चर्च आणि एक छपराखालचं बर्फाचं मैदान, बाकी फार काही नव्हतं. तातो दिवसा कोठारावर आणि रात्री गोलात. तोंडावर मुखवटा नाही, तो वापरणाऱ्यांना तेव्हा बायकी म्हणायचे. मॅच झाली की टोपी फिरायची, प्रेक्षक नाणी टाकायचे, आणि जमलेलं गोल करणाऱ्यांत वाटायचे, ज्याचे दोन गोल त्याला दोन वाटे. तातोंना काय द्यायचं हे कुणालाच कळायचं नाही. त्यांच्या बाजूला काही घडलेलंच नसायचं. घडलं असतं तर उलट शिव्या. एका नाताळात म्हणे एक हंस दिला होता, सोललेला. आई म्हणायची, "गावातले पुरुष मारून पैसे आणतात, आमचा मार खाऊन रिकाम्या हाताने येतो." तातो तेव्हाही हसायचे. निघताना दारात उभे राहायचे, घोड्याच्या केसांनी भरलेली पॅड पायाला बांधून, कारण मैदानावर बांधायला जागा नव्हती. आणि मी, चुलीशी, हातात सारण भरलेल्या वरेनिकी उकळत्या पाण्यातून काढायचा झारा, जाऊन त्यांच्या डाव्या पॅडवर दोनदा मारायची. आई ओरडायची, झारा घाण केला म्हणून. एका फेब्रुवारीत मी मारूनही त्यांच्या भुवईवर पक बसला आणि सतरा टाके पडले. मी रडत म्हणाले, तातो, मी मारलं होतं. ते म्हणाले, "म्हणून तर डोळा राहिला."

या वाक्याने मी आयुष्यभर हैराण आहे. वकिली शिकताना, आकडे शिकताना, सभेत उभी राहून दशांश सांगताना, मी त्या वाक्याशीच भांडत होते असं आता वाटतं. जे झालं नाही त्याची किंमत काय लावायची? गोल झाला की तो सगळ्यांना दिसतो, फळ्यावर चढतो, त्याचे पैसे देता येतात. न झालेल्या गोलाचं काय करायचं? शंभरातला तो एक फटका, जो मध्यम गोलीने सोडला असता आणि लिएंडरने अडवला, तो कोणता ते मला कधीच ओळखता आलेलं नाही. मी सगळ्या मॅचेस पुन्हा पुन्हा बघते. मला शंभर अडवलेले फटके दिसतात, सगळे सारखे. पण मागल्या रविवारी तातोंजवळ बसून मॅच बघत होते. त्यांचे हात आता सतत थरथरतात, चहा सांडतो, गुंड्या नर्स लावते. मध्येच त्यांनी थरथरतं बोट टीव्हीकडे केलं आणि म्हणाले, "तो." मला काहीच दिसलं नव्हतं. लिएंडर जरा डावीकडे सरकला होता आणि पक त्याच्या छातीवर येऊन पडला होता, अगदी सोपा. "तो कुणी अडवला नसता," तातो म्हणाले. "सोपा केला ना त्याने, म्हणून कळत नाही." आणि त्याच संध्याकाळी सिस्टर ल्युबाच्या टेबलावरून संत्रं घरंगळलं तर तातोंचा डावा हात झपकन पुढे गेला आणि ते हवेतच पकडलं. तेवढा क्षण हात अजिबात थरथरला नाही. संत्रं तिला दिलं आणि पुन्हा थरथरायला लागला. ल्युबा तातोंना म्हणाली, "पेट्रो, पगार घेतोस का?" सगळे म्हातारे हसले.

एक वाजत आला तेव्हा मी खिडकीपाशी उभी होते. नदीवरून वाफ निघत होती, पुलावर गाड्या सावकाश चालल्या होत्या, मागे धुराचे पांढरे गोळे सोडत. माझ्या दशांशात काही चूक नव्हती. आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. लिएंडर एकतीस वर्षांचा, सात वर्षं म्हणजे अडतीस, त्याचे खुबे आताच बर्फाच्या पिशव्यांत असतात. तो पुढच्या हिवाळ्यात चाळण होऊ शकतो. त्याच्यावर एक कोटी वीस लाख लावले की कोल जाणार, कोलच्या जागी कुणी स्वस्तातला येणार, तो चुकणार, लिएंडरला जास्त फटके खावे लागणार, म्हणजे त्याला पैसे देण्यासाठीच आपण त्याच्यासमोरची भिंत पाडणार. सगळं बरोबर होतं. आणि हे सगळं बरोबर असूनही संध्याकाळी त्या बोगद्यात दुसरंच कुणीतरी येणार हे मला सहन होत नव्हतं. एवढंच. कारण नाही, हिशोब नाही. एखाद्या म्हाताऱ्या बाईने देवासमोरचा दिवा हलवू नये म्हणून हट्ट धरावा तसं. मी स्वतःला म्हणाले, डॅरिया, तू बावळट आहेस, आणि वेंडलच्या खोलीत गेले.

"दे त्याला," मी म्हणाले.

"काय दे?"

"एक कोटी वीस. सात वर्षं."

त्याने दात खिशातून काढले, हातात धरले, पण बसवले नाहीत. "आणि तुझा दशांश?"

"खड्ड्यात गेला."

"कोल जाईल."

"माहितेय."

"कोल गेला की अजून एक जाईल. आणि तुझा लिएंडर पुढच्या वर्षी ढेपाळला तर माझी खुर्ची जाईल."

"माझी पण."

"तुझी आधी," वेंडल म्हणाला. मला वाटलं नाही म्हणेल, आणि खरं सांगते, नाही म्हणाला असता तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं. पण त्याने दात बसवले आणि फोन उचलला. "बारा वर्षं तुझं ऐकतोय," तो नंबर फिरवता फिरवता म्हणाला, "आज न ऐकून मी काय करू?"

एजंटचा आवाज फोनमधून मलाही ऐकू येत होता. वेंडलने आकडा सांगितला. मग एजंट म्हणाला, "वेंडल, तू हा आकडा दोन तासांपूर्वी का नाही सांगितलास? त्याने सरावानंतर मला फोन केला. म्हणाला, जातो. दक्षिणेला हो कळव. मी म्हटलं, थांब, दोनपर्यंत थांब, ते वाढवतील. तो म्हणाला, नको, झालं ते झालं."

"त्याला परत विचार. आकडा सांग."

"सांगतो. पण मी ओळखतो त्याला. आकड्यासाठी तो गेलेला नाही."

दहा मिनिटांनी उत्तर आलं. लिएंडर आभारी होता, आकडा फार मोठा होता, आणि तो जाणार होता. वेंडलने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे. त्याला तरी दुसरं काय करता येणार होतं. दोन वाजले की हातात काहीच उरणार नव्हतं. दक्षिणवाल्यांना फोन लागला, मग लीगला. लीगच्या फोनवर दोन्ही संघांचे आकडे वाचून दाखवायचे असतात, कुणाचा पगार किती, झाकणाखाली बसतो की नाही, आणि आमच्याकडून ते वाचणं माझं काम. मी वाचले. लिएंडर जेकब फ्रीझन, गोलकीपर. माझा आवाज जराही हलला नाही. पलीकडच्या माणसाने नोंद झाल्याचं सांगितलं आणि दुपार चांगली जावो म्हणाला. मी त्यालाही तेच म्हणाले.

तीनच्या सुमारास लिएंडर माझ्या दारात उभा राहिला, खांद्यावर त्याची ती प्रचंड पिशवी, हातात टरफलांचा कागदी पेला. "आता बोललं तर चालतं," तो म्हणाला. "आज माझी मॅच नाही."

"लिएंडर, सकाळी ते चुकून झालं."

"काय?"

"थाप. मी गाडी लावत होते, ब्रश हातात होता. काही ठरलं नव्हतं तेव्हा."

त्याने पेला एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मी विचारलं होतं तुला. आत्ता, म्हणून. मग तू बोलली का नाहीस?"

"मॅचचा दिवस."

तो हसला, पण नाकातूनच. मग दाराच्या चौकटीला टेकला. "मी सकाळी सही करायला आलो होतो," तो म्हणाला. "तुझ्या त्या दशांशावरच. रात्री पेट्राशी बोललो. आई इथे, पोरींची शाळा इथे, कुठे जायचं उगीच. एजंटला पण सांगितलं नव्हतं, तो रडला असता. म्हटलं आधी सराव करू, मग वर जाऊन वेंडलला सांगू."

मी म्हणाले, "मग आला का नाहीस वर?"

"तू मारलीस ना." हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं, माझ्यावर राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, हिचा हिशोब झालाय. हिला तोंडाने सांगता येत नाही, मॅचचा दिवस आहे, म्हणून हिने असं सांगितलं. आता आपण वर जाऊन सही मागायची म्हणजे हिला अडचणीत टाकायचं. नंतर आकडा आला, पण तो वेंडलचा, थाप तुझी होती. नऊ वर्षांत तू एकदा पण चुकून मारली नाहीस, डॅरिया."

एक वाजता मी त्याच्यासाठी काय मागितलं ते एजंटने त्याला सांगितलं असणार, पण ते माझं म्हणणं होतं, वेंडलचं नव्हे, हे त्याला माहीत नसणार. मी ते सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? तो वाईट वाटून घेत विमानात बसला असता. "तातो तुला रोज बघतात," मी म्हणाले. "माहितेय," तो म्हणाला. "त्यांना सांग, तिकडच्या मॅचेस उशिरा लागतात, झोपू नका." मग त्याने माझ्या कचऱ्याच्या डब्यात टरफलं ओतली, पेला चुरगळून वर टाकला, आणि पिशवी दाराला घासत बाहेर गेला. खाली पिकअप दोनदा घरघरली आणि तिसऱ्यांदा चालू झाली.

मग आठवलं, अकराला तातोंना मी सांगितलं होतं, गोलात लिएंडर. ही दिवसातली माझी दुसरी थाप. फोन करावासा वाटला, पण केला नाही. ते जागे राहतील, टीव्ही लावतील, आणि बघतील.

सातला मी बोगद्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. जायचं कारण नव्हतं, पण पाय तिकडे गेले, नऊ वर्षांची वाट आहे. हातात दुपारच्या कागदांची सुरळी होती, तेच, लीगला वाचून दाखवलेले. बर्फाचा थंड वास येत होता, वर लोक ओरडत होते, बातमी सगळ्यांना कळली होती आणि कुणीतरी आमच्या नावाने बोंबलत होतं. दार उघडलं. सगळ्यात पुढे रादिम वर्बा आला. रादिम झेक, पस्तिशीचा, सहा वर्षं लिएंडरच्या मागे बाकावर बसलेला राखीव गोली. सहा वर्षं तो माझ्यासमोरून खाली मान घालून निघून जायचा, कारण थाप खेळणाऱ्याची, त्याची नाही. आज तो माझ्यासमोर येऊन थांबला. मुखवटा वर सरकवलेला, कपाळावर आताच घाम. त्याने डावा पाय पुढे केला. मॅचचा दिवस, म्हणून तो बोलला नाही, आणि मीही बोलले नाही. त्याच्यामागे सगळा संघ अडकून उभा राहिला, कोल त्यात होता, काठ्या जमिनीवर टकटक वाजत होत्या. मी हाताकडे पाहिलं. सकाळी न विचारता उठलेला तो हात अंगाला चिकटून लोंबत होता, मुठीत सुरळी, आणि मी त्याला उठ म्हणत होते आणि तो उठत नव्हता. रादिमने जरा वेळ वाट बघितली. मग त्याने मुखवटा खाली ओढला, स्वतःच्याच काठीने स्वतःच्या डाव्या पॅडवर दोनदा मारलं, आणि बर्फावर गेला.